डॉ. ताकाशी नागाई : नागासाकीच्या राखेतील शांतिशिक्षक

नागासाकी हे नाव आम्हां मराठी भाषिक ख्रिस्ती लोकांना परके नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ह्याच शहरातील टेकडीवर क्रुसावर रक्तसाक्षित्व प्राप्त झाले. त्यांच्यासमवेत ज्या पंचवीस जणांनी प्राणार्पण केले, त्यांत जपानी येशूसंघीय संत पॉल मिकी हे होते. ह्या घटनेनंतर ३३७ वर्षांनी एका तरुण जपानी डॉक्टरांनी स्नानसंस्काराच्या वेळी पॉल मिकी ह्यांचेच नाव धारण केले. ते डॉक्टर म्हणजे ताकाशी नागाई. अणुबाँबमुळे ज्यांचे घर, पत्नी आणि धर्मग्राम एका क्षणात नष्ट झाले, त्या ह्या श्रद्धावंताने उरलेले आयुष्य मुलांना शांतीचे धडे देण्यात वेचले.

३ फेब्रुवारी १९०८ रोजी मात्सुए येथे एका डॉक्टरांच्या घरी ताकाशींचा जन्म झाला. १९२८ साली ते नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. प्रयोगशाळेत जे सिद्ध होत नाही ते अस्तित्वात नाही, अशी त्यांची त्या काळी धारणा होती. १९३० मध्ये त्यांच्या आईला पक्षाघात झाला. मृत्युशय्येवरील त्या माउलीने अखेरचे त्यांच्याकडे पाहिले, आणि त्या दृष्टीने त्यांचा जडवाद डळमळला. माणसाला आत्मा आहे, असे त्यांना प्रथमच वाटले. पुढे फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कल ह्यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले. ख्रिस्ती श्रद्धा जवळून पाहावी म्हणून ते उराकामी ह्या वस्तीत मोरियामा कुटुंबाकडे राहू लागले.

उराकामीचा इतिहास विलक्षण आहे. छळाच्या काळात तेथील श्रद्धावंतांनी धर्मगुरूंवाचून सुमारे अडीचशे वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या, गुप्तपणे आपली श्रद्धा जपली. मोरियामा घराणे हे त्या गुप्त ख्रिस्ती लोकांचे पिढीजात पुढारी होते. ह्या घरची कन्या मिदोरी हिने, ताकाशी सैन्यासोबत मांचुरियात असताना, त्यांना धर्मशिक्षणाचे पुस्तक पाठवले. तेथून परतल्यावर १९३४ च्या जून महिन्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ऑगस्टमध्ये मिदोरीशी विवाह केला. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या कार्यातही ते सहभागी झाले.

डॉ. नागाई क्ष-किरणतज्ज्ञ होते. युद्धकाळात फिल्मची टंचाई असल्याने क्षयाच्या रुग्णांची तपासणी त्यांना थेट पडद्यावर पाहून करावी लागे. ते किरण वर्षानुवर्षे त्यांच्या शरीरात भिनत राहिले. जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि सुमारे तीन वर्षांचे आयुष्य उरल्याचे सांगण्यात आले. जे किरण रोग्याला जीवन देण्यासाठी त्यांनी हाताळले, त्यांनीच त्यांचा देह पोखरला होता. अणुशक्तीचे दुसरे, भयानक रूप अजून दिसायचे होते.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबाँबचा स्फोट झाला. उराकामीचे कॅथेड्रल स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे ५०० मीटरवर होते. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून त्या वेळी तेथे श्रद्धावंत पापनिवेदनासाठी आले होते. त्यांतील कोणीही वाचले नाही. त्या धर्मग्रामातील सुमारे बारा हजार कॅथोलिकांपैकी साडेआठ हजार मृत्युमुखी पडले. वर्षअखेरपर्यंत शहरातील मृतांची संख्या सुमारे ७४ हजारांवर गेली.

डॉ. नागाई त्या वेळी केंद्रापासून सुमारे ७०० मीटरवर रुग्णालयात होते. काचा घुसून त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूची धमनी तुटली. रक्त थांबवून घेत त्यांनी वाचलेल्या सहकाऱ्यांसह जखमींची शुश्रूषा सुरू ठेवली. दोन दिवसांनी ते घरी पोहोचले. राखेत त्यांना मिदोरीची जळालेली हाडे सापडली आणि तिच्या जपमाळेचे वितळलेले मणी. मुलगा माकोतो आणि मुलगी कायानो आजीसोबत डोंगराकडील गावी असल्यामुळे वाचली होती.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजी कॅथेड्रलच्या भग्नावशेषांत मृतांसाठी मिस्साबलिदान अर्पण करण्यात आले. तेथे डॉ. नागाई ह्यांनी भाषण केले. अणुबाँब ही ख्रिस्ती लोकांना मिळालेली दैवी शिक्षा आहे, असे काही जण म्हणत होते आणि शोकाकुल कुटुंबे त्या बोलांनी खचली होती. डॉ. नागाई ह्यांनी त्यांना सांगितले, की मृत बांधव हे देवाला वाहिलेले निर्मळ होमार्पण होते. ह्या विवेचनावर पुढे टीका झाली. ज्यांनी युद्ध पेटवले आणि ज्यांनी बाँब टाकला, त्यांची जबाबदारी अशाने झाकली जाते, असे टीकाकारांचे म्हणणे. आम्हांला ही टीका दुर्लक्षिण्यासारखी वाटत नाही. शोकग्रस्ताचे सांत्वन करणे वेगळे आणि शस्त्राला क्षमा करणे वेगळे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये हिरोशिमा येथे, युद्ध हे मानवाचेच कृत्य आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. त्यानंतर नागासाकीतील अनेक कॅथोलिक अधिक मोकळेपणाने आपली साक्ष देऊ लागले.

स्वतः डॉ. नागाई त्या भाषणापाशी थांबले नाहीत, हे मात्र ध्यानात घ्यावे लागेल. ह्या भूमीवर अनेक वर्षे काही उगवणार नाही, अशी वदंता होती. राखेत मुंग्या हिंडताना पाहून त्यांनी तेथेच राहण्याचे ठरवले. १९४६ च्या मध्यापासून ते अंथरुणाला खिळले. १९४८ मध्ये त्यांच्यासाठी एक झोपडी उभी राहिली. तिच्यात जेमतेम दोन चटया मावत. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ह्या प्रभू येशूच्या आज्ञेवरून त्यांनी तिला न्योकोदो असे नाव दिले. तेथे पाठीवर पडून, कागद वर धरून, ते लिहीत असत.

नागासाकीच्या घंटा हे त्यांचे पुस्तक लिहून झाल्यावर सुमारे अडीच वर्षे अडून राहिले. अमेरिकन अधिसत्तेने १९४९ च्या जानेवारीत परवानगी दिली ती एका अटीवर : जपानी सैन्याने मनिलात केलेल्या कत्तलीचा वृत्तान्त पुस्तकास जोडावा. अट घालणाऱ्यांचा हेतू राजकीय होता. परंतु त्यामुळे जपानी वाचकांना एकाच पुस्तकात आपली जखम आणि आपल्या हातून झालेली जखम अशा दोन्ही वाचाव्या लागल्या. उराकामी हे अणुबाँबने ओसाड केलेले जगातील शेवटचे ठिकाण ठरावे, अशी प्रार्थना डॉ. नागाई ह्यांनी ह्या पुस्तकात केली आहे. मुलांना उद्देशून लिहिलेल्या आणखी एका पुस्तकात त्यांनी जपानच्या नव्या राज्यघटनेतील युद्धत्यागाच्या कलमाचा उल्लेख केला. उद्या सारा देश ते कलम बदलू पाहील, तरी तुम्ही ठाम राहा, असा त्यांचा माकोतो आणि कायानोला उपदेश होता. अनाथ होऊ घातलेल्या लेकरांसाठी एका पित्याने मागे ठेवलेला तो वारसा होता.

लेखनातून व पारितोषिकातून मिळालेला पैसा त्यांनी स्वतःजवळ ठेवला नाही. उराकामीत चेरीची एक हजार रोपे लावण्यात आली आणि झोपडीशेजारी मुलांसाठी वाचनालय उभे राहिले. हेलन केलर, सम्राट हिरोहितो आणि पोपमहोदयांचे प्रतिनिधी कार्डिनल गिलरॉय त्यांना भेटले. आपल्या आजाराची अखेरची अवस्था विद्यार्थ्यांना अभ्यासता यावी म्हणून ते शेवटी विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झाले आणि त्याच दिवशी, १ मे १९५१ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी प्रभूच्या घरी गेले.

त्यांच्या प्रार्थनेचे पुढे काय झाले? जगात आजही सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ साली झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. पवित्र आसनाने त्यावर आरंभीच स्वाक्षरी केली. आपला भारत, इतर अण्वस्त्रधारी राष्ट्रे, इतकेच नव्हे तर खुद्द जपानही त्यात सामील नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागासाकी व हिरोशिमाला भेट देताना पोप फ्रान्सिस ह्यांनी अण्वस्त्रांचा वापरच नव्हे, तर ती बाळगणेही अनैतिक ठरवले.

सरकारांचे निर्णय आपल्या हाती नसतील, पण घरातील बोलणे आपल्या हाती आहे. सीमेवर तणाव वाढला, की शेजारी राष्ट्रावर एकदाचा बाँब टाकावा असे आपण दूरदर्शनसंचासमोर सहज बोलून जातो. तेव्हा आपली मुले ऐकत असतात. शांतीचे शिक्षण तेथेच सुरू होते किंवा तेथेच संपते. धर्मशिक्षणाच्या वर्गात ९ ऑगस्टच्या सुमारास डॉ. नागाई ह्यांची कथा मुलांना जरूर सांगावी, असे आम्ही सुचवू इच्छितो.

उराकामीच्या कॅथेड्रलला दोन घंटा होत्या. त्यांतील एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि १९४५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला तिचा नाद पुन्हा घुमला. दुसरीची जागा ८० वर्षे रिकामी होती. अणुबाँब प्रकल्पात काम केलेल्या एका अमेरिकन डॉक्टरांच्या नातवाने पुढाकार घेतला, अमेरिकेतील कॅथोलिकांनी वर्गणी काढली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.