प्रौढ मताधिकारासाठी झगडलेले बाबासाहेब

एकेकाळी मत द्यायला जमीन, कर किंवा शिक्षण लागे. आपल्या बहुतेक पूर्वजांकडे यातले काहीच नव्हते. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. ऑक्टोबर 1928 मध्ये आपल्या पुण्यातच त्यांनी सायमन कमिशनपुढे साक्ष दिली आणि प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणसालाही स्वतःचे भले-बुरे कळते, ही त्यांची भूमिका होती.

1935 च्या कायद्यानेही सर्वांना मत दिले नाही. ते मिळाले संविधानाच्या कलम 326 मुळे, तेव्हा 21 वर्षांवरील स्त्री-पुरुषांना. त्याच मताधिकारावर झालेल्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत हरले. तरीही 1954 मध्ये भंडाऱ्यातून ते पुन्हा मतदारांपुढे गेले, पुन्हा हरले. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कात्रजमध्ये कामासाठी आलेली, भाड्याची घरे बदलणारी आपली अनेक माणसे आहेत. पत्ता बदलला की यादीतले नाव मागेच राहते. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच. त्याच फेरीत प्रत्येकाचे नाव मतदार यादीत आहे का, तेही विचारू या.

जय भीम!