वाटेगाव ते मुंबई, पायी

(तृतीय वर्ष, ई अँड टीसी)

सध्या होस्टेलवर फायनल इयरवाल्यांचा एकच विषय चालू असतो. मुंबईत नोकरी लागली तर राहायचं कुठं? पगार किती, त्यातून पीजीचं भाडं किती जाणार, डिपॉझिट घरून मागायचं की कुणाकडून उसनं घ्यायचं, लोकलचा पास केवढ्याला पडतो, आणि महिन्याच्या शेवटी हातात काय उरणार... मेसमध्ये ताटावर बसल्या बसल्या मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हे हिशोब चाललेले असतात. ते ऐकताना मला नेहमी एका मुलाची आठवण येते. त्याने हाच प्रवास केला होता, पण हिशोब करायला त्याच्याकडे आकडेच नव्हते. खिशात पैसा नाही, हातात कसलं सर्टिफिकेट नाही, अक्षरओळख नाही आणि गाडीच्या तिकिटाची ऐपत नाही, म्हणून अख्खं कुटुंब चालत मुंबईला निघालेलं! तो मुलगा म्हणजे तुकाराम भाऊराव साठे. सगळा महाराष्ट्र त्यांना लोकशाहीर अण्णाभाऊ साठे म्हणून ओळखतो.

ओळखतो म्हणजे तरी काय हो? चौकातला पुतळा, १ ऑगस्टची मिरवणूक, एखाद्या सभागृहाचं नाव. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे अण्णाभाऊ मला आधी इंग्रजीतून भेटले. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेलं 'पॉयझन्ड ब्रेड' नावाचं दलित साहित्याचं इंग्रजी पुस्तक १९९२ साली निघालं. त्यात अण्णाभाऊंच्या एका कथेचं भाषांतर आहे. ते वाचून मी इतकी हादरले की मूळ मराठी कथा शोधून काढली. त्या कथेबद्दल पुढे सांगतेच, आधी माणसाबद्दल.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला झाला. तालुका वाळवा, जिल्हा आजचा सांगली (तेव्हा सातारा). घर मातंग समाजातलं, गावकुसाबाहेरचं. वडील भाऊराव, आई वालुबाई. वडील मुंबईला कामाला होते. त्या काळी इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा होता. एखाद्या जमातीत जन्मलात की तुम्ही गुन्हेगार, चोरी केलेली असो वा नसो. अशा माणसांना रोज हजेरी द्यायला लागायची. (आपल्याला पंच्याहत्तर टक्के अटेंडन्सचा केवढा जाच वाटतो!) या हजेरीची चीड अण्णाभाऊंच्या मनात लहानपणीच बसली आणि पुढे त्यांच्या 'फकिरा' कादंबरीत उतरली. शाळेत ते गेले, पण जेमतेम दीड दिवस. तिथं जातीवरून जी वागणूक मिळाली ती पाहून ते परत त्या वाटेला गेले नाहीत. म्हणजे औपचारिक शिक्षण एकूण दीड दिवस. आपलं एक प्रॅक्टिकल सबमिशनसुद्धा तेवढ्यात होत नाही.

१९३१-३२ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि साठे कुटुंब मुंबईला निघालं. अण्णाभाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. अंतर तीन-साडेतीनशे किलोमीटर, आणि सगळं पायी. वाटेत मिळेल ते काम करायचं, त्यावर पोट भरायचं, पुन्हा चालू लागायचं. आज हायवेनं हा सहा-सात तासांचा प्रवास आहे.

मी वडगाव रासाईची. आमच्या शिरूर तालुक्याच्या आणि पलीकडच्या दौंड तालुक्याच्या मधून भीमा नदी वाहते आणि दोन्ही काठांना ऊस आहे. आमची पोरं कामासाठी रांजणगावच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्याला जातात, आणि आमच्याकडे ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. बैलगाड्या, भांडीकुंडी, झोळीतली पोरं, असा सगळा संसार घेऊन. त्यामुळे संसार डोक्यावर घेऊन कामाच्या दिशेनं चालणारं कुटुंब म्हणजे मला इतिहासातली गोष्ट वाटत नाही. दर वर्षी दिवाळीनंतर ते आमच्या रस्त्यावरून जातं.

तर साठे कुटुंब मुंबईत पोचलं आणि भायखळ्याच्या बाजूला चाळीत राहू लागलं. आता या मुलानं काय काय कामं केली ते ऐका. हमाली केली. बूटपॉलिश केलं. हॉटेलात पोऱ्या म्हणून राबले. कोळसे वेचले. घरगडी झाले. कुणाची मुलं खेळवली, तर कुणाचं कुत्रं सांभाळलं. फेरीवाल्यामागं गाठोडं घेऊन फिरले. सिनेमा थिएटरच्या दारावर उभे राहिले. रेझ्युमे लिहिला असता तर एक्स्पीरियन्सचा रकाना पानभर झाला असता आणि एज्युकेशनचा रिकामा! पण मला यातली गंमत (गंमत म्हणावं का?) अशी वाटते, की यातलं एकही काम महिनाभराची खात्री देणारं नव्हतं. आज आहे, उद्या नाही. मोठ्या शहरात गरीब माणसाला काम मिळतच नाही असं नाही. पण मिळालेलं टिकत नाही, आणि काम बंद असलं तरी खोलीचं भाडं काही बंद होत नाही.

पुढे ते गिरणीत लागले. मुंबईच्या कापडगिरण्यांची कामगार भरतीची रीत माहीत करून घेण्यासारखी आहे. कायमचा कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी बदली कामगार घ्यायचे. हे बदलीवाले पाळी सुरू व्हायच्या आधी गेटावर येऊन उभे राहायचे. कुणाला आत घ्यायचं हे बऱ्याचदा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात. त्यामुळे जॉबरची मर्जी राखा, त्याला दस्तुरी द्या, आणि तरीही कधीकधी रिकाम्या हातानं घरी या. राहायला एकेका खोलीत गाववाले दाटीवाटीनं. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपणार. जेवायला खानावळ. गावाकडे मनीऑर्डर पाठवायची ती यातूनच वाचवून. आमच्या रूमवर तिघींना एक कपाट आहे म्हणून आम्ही रेक्टरकडे अर्ज केला होता, त्याची इथं आठवण झाली.

याच काळात अण्णाभाऊ वाचायला शिकले. शाळेत नाही, रात्रशाळेतही नाही. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं हीच त्यांची बालभारती. पाटीवरचं अक्षर बघायचं, विचारायचं, जुळवायचं. मुंबई इतकी महाग, पण ही एक गोष्ट तिनं त्यांना फुकट दिली. मोर्चे, सभा, युनियनची भाषणं हीसुद्धा फुकटच. गिरणगावात त्या वेळी लाल बावट्याचा जोर होता आणि अण्णाभाऊ त्या चळवळीकडे ओढले गेले.

मात्र सरळ रेषेत काही घडलं नाही. गिरणीचं काम सुटलं आणि ते वाटेगावला परत गेले. तिथं चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात राहिले. वाद्यं, गाणी, पाठांतर, सोंगं, लोकांना जागेवर खिळवून ठेवणं हे सगळं तिथं अंगात मुरलं. मग पुन्हा मुंबई. म्हणजे ज्याला आपण इयर डाऊन म्हणतो तसा हा काळ, आणि पुढचं सगळं भांडवल नेमकं त्यातच जमा झालेलं.

दुसऱ्या खेपेला मुक्काम माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, धारावीजवळ. तिथं त्यांनी जे पहिलंवहिलं रचलं म्हणतात, ते कशावर असेल? मच्छरांवर! कॅम्पातल्या डासांवर पोवाडा. मला हे फार आवडतं. शिवाजी महाराजांवर, अफझलखानाच्या वधावर रचायचे ते पोवाडे. या गड्यानं तो रात्रभर फोडून काढणाऱ्या डासांवर रचला. आपल्या वस्तीतली अडचण हाही गाण्याचा विषय असू शकतो हे त्यांना पहिल्याच फटक्यात कळलेलं होतं. त्यानंतर स्टालिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा आला आणि त्यानं त्यांचं नाव झालं. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. गावोगाव आणि चाळीचाळींतून कार्यक्रम होऊ लागले. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते तेव्हा या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशावर बंदी घालता? ठीक आहे, मग त्याचं लोकनाट्य करू, असा अण्णाभाऊंचा पवित्रा होता.

मुंबईवर त्यांनी 'मुंबईची लावणी' लिहिली. मलबार हिलची श्रीमंती आणि कामगारवस्तीची दैना एकाच शहरात कशी शेजारी नांदते, हे तिच्यात आहे. पण लोकांच्या तोंडी खरी बसली ती 'माझी मैना'. ही छक्कड आहे. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं तळमळतो, असा तिचा विषय. आणि मग शेवटाकडे हीच ताटातूट संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी जोडली जाते, महाराष्ट्रापासून तोडलेल्या बेळगाव-कारवारच्या मुलखाशी. अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती गाजली. १९६० साली १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं, त्याआधीच्या सभांना माणसं जमायची त्यात या शाहिरांचा वाटा मोठा होता. पुढाऱ्यांची भाषणं नंतर.

आता ती कथा. 'स्मशानातील सोनं' तिचं नाव. कथेतल्या माणसाचं नाव भीमा, आमच्या नदीचंच. अंगानं पहाडासारखा, वारणेकाठच्या गावातून मुंबईत काम शोधायला आलेला. शहर पालथं घालतो, काम मिळत नाही. शेवटी शहराच्या कडेला दगडाच्या खाणीत मिळतं. त्याच्या ताकदीला साजेसं काम, तो खूश असतो. बायको, लहान मुलगी, चूल पेटते. आणि मग एक दिवस खाण बंद पडते. घरी परतताना स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. मग काय, रात्री स्मशानं धुंडाळणं, राख चाळणं, ताजी मढी उकरणं हाच त्याचा धंदा होतो. एका रात्री एकाच प्रेतासाठी त्याची आणि कोल्ह्यांची झुंज होते. कोल्ह्यांना तो हरवतो, पण सोनं काढताना त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात. जीव वाचतो, दोन बोटं जातात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडायला लागणारी ती बोटं आता नाहीत. एवढा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडतो.

आमच्या रूमवर मी ही कथा मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा दोन तट पडले. एकीचं म्हणणं, भीमा लोभी झाला म्हणून असं झालं. मला ते अजिबात पटत नाही. खाण चालू होती तोवर त्याला स्मशान आठवलंही नव्हतं. चांगलं अंगमेहनतीचं काम करणारा माणूस काम गेल्यावर कुठं जातो, हा या कथेचा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न लिहिणाऱ्यानं कोळसे वेचले होते, गेटावर उभं राहणं काय असतं ते पाहिलं होतं, म्हणून कथेत कुठंही कीव नाही. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यातले कित्येक परत कधी कामावर गेलेच नाहीत. अण्णाभाऊ ते बघायला नव्हते. पण भीमा त्यांनी आधीच लिहून ठेवला होता.

हे सारं लेखन त्यांनी केलं कुठं? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतल्या खोलीत. 'चिरागनगरची भुतं' नावाचा त्यांचा कथासंग्रहच आहे. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्यं, पोवाडे... 'फकिरा' १९५९ सालची, तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. 'वैजयंता', 'वारणेचा वाघ', 'फकिरा' यांच्यावर सिनेमे निघाले. एकेकाळी ज्या थिएटरच्या पोस्टरवरून अक्षरं जुळवली, तिथं आता यांची गोष्ट. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले, त्यावर 'माझा रशियाचा प्रवास' हे प्रवासवर्णन लिहिलं. वाटेगावहून पायी निघालेला मुलगा विमानानं मॉस्कोला! आणि परत आल्यावर मुक्काम कुठं, तर पुन्हा चिरागनगर.

पुस्तकं खपत होती, सिनेमे चालत होते, पण पैसा त्यांच्या घरापर्यंत फारसा आला नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पुरस्कार मिळाला, परदेश झाला, सगळा महाराष्ट्र गाणी गातो आहे आणि माणूस झोपडपट्टीतच. शेवटी १९६८ च्या सुमारास गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना सरकारी घर मिळालं. मुंबईत पाऊल ठेवल्याला तोवर पस्तीसेक वर्षं झाली होती. त्या घरात ते फार दिवस राहिले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. वय पुरतं एकोणपन्नासही नव्हतं.

२००२ साली पोस्टानं त्यांच्यावर तिकीट काढलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. आपल्या लायब्ररीत मराठीचं एकच कपाट आहे, स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांमागं. त्यात खालच्या कप्प्यात त्यांच्या निवडक वाङ्मयाचा जाड ग्रंथ आहे. 'स्मशानातील सोनं' त्यात आहे. मी पुढच्या सोमवारी तो परत करते आहे, ज्याला हवा असेल त्यानं आधीच नंबर लावून ठेवावा.