ज्यानं रेल्वेला ब्रेक दिला, त्यानंच गॅसच्या विहिरीला लगाम घातला : जॉर्ज वेस्टिंगहाऊस

लांब पल्ल्याच्या गाडीत कुणी साखळी ओढली की गाडी थांबते, हे आपल्या सगळ्यांना माहितीये. पण ती थांबते कशी? तर गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पाइप असतो आणि त्यात दाबलेली हवा असते. साखळी ओढली की ही हवा बाहेर पडते, दाब उतरतो आणि ब्रेक लागू लागतात.

आता रेल्वेतून थेट समुद्रात चला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत मुंबई हाय आहे. इथल्या तेल आणि गॅसच्या विहिरींचे बरेच प्लॅटफॉर्म असे आहेत की तिथं कायम मुक्कामाला माणूसच नसतो. विहिरीतला दाब, तापमान, गॅसचा प्रवाह सेन्सर मोजतात, आकडे दूरच्या कंट्रोल रूममध्ये दिसतात आणि तिथूनच विहीर बंद करता येते. पण आग लागली आणि संपर्कच तुटला तर? तरीही विहीर बंद होते. कारण विहिरीवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह दाबाच्या जोरावर उघडा धरलेला असतो. दाब गेला की तो आपोआप मिटतो.

साखळी आणि विहीर, दोन्हीकडं डोकं एकच. काही बिघडलं तर यंत्रानं स्वतःहून सुरक्षित बाजूला जायचं. हे तत्त्व रेल्वेत आणि गॅसच्या धंद्यात, दोन्हीकडं मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं ते जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडिलांचा शेतीची अवजारं बनवायचा कारखाना होता. पोरगा त्याच लोखंडात वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैन्यात आणि नौदलात राहून आला आणि १९ व्या वर्षी त्यानं पहिलं पेटंट मिळवलं.

तेव्हा रेल्वे थांबवणं म्हणजे जिवावरचं काम होतं. ड्रायव्हरनं शिट्टी दिली की ब्रेकवाले धावत्या डब्यांच्या टपावरून पळत जायचे आणि प्रत्येक डब्याचं चाक हातानं फिरवून ब्रेक आवळायचे. पावसात, बर्फात कित्येकजण खाली पडून मेले. १८६९ मध्ये वेस्टिंगहाऊसनं एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. ड्रायव्हरनं इंजिनातून हवा सोडायची आणि सगळ्या डब्यांना ब्रेक लागायचे.

पण यात एक खोट होती. मध्येच पाइप फुटला तर ब्रेकच लागायचे नाहीत. मग १८७२ मध्ये त्यानं गणित उलटं केलं. पाइपमध्ये हवा कायम भरलेली ठेवायची आणि दाब उतरला तर ब्रेक लागायचे. डबा तुटला, पाइप फुटला तरी गाडी थांबणार. पुढं त्यानं सिग्नलची कंपनीही काढली. दूरच्या केबिनमध्ये बसून रुळांचे सांधे आणि सिग्नल हवेच्या दाबानं आणि विजेनं हलवायची यंत्रणा तिथं उभी राहिली.

मग आला गॅस.

१८७८ मध्ये पिट्सबर्ग शहराजवळ मरीसव्हिल इथं नैसर्गिक गॅसचा मोठा साठा लागला. पण या गॅसला आवरायचं कसं हेच कळत नव्हतं, त्यामुळं तो वर्षानुवर्षं हवेत वाया जात होता. वेस्टिंगहाऊस राहायचा पिट्सबर्गमध्येच. १८८४ मध्ये गड्यानं थेट स्वतःच्या बंगल्याच्या आवारात विहीर खोदायला घेतली. दीड हजार फुटांच्या आसपास गॅस लागला आणि असा उसळला की विहिरीवरची यंत्रं उधळली गेली. आवाजानं सगळ्या परिसराची झोप उडाली. मग त्यानं स्वतः खास झडप तयार केली आणि विहिरीचं तोंड आवळलं.

विहीर आवरली, पण खरा धोका पुढं होता. गॅस घरोघरी पोचवायचा होता. पाइप गळायचे, गॅस जमिनीतून तळघरात शिरायचा आणि स्फोट व्हायचे. दुसरा धोका तर आणखी वाईट. मध्येच दाब उतरला की घरातली शेगडी विझायची. थोड्या वेळानं दाब परत यायचा. शेगडी विझलेली, गॅस मात्र चालू. झोपलेल्या माणसांच्या खोलीत गॅस भरायचा.

इथं रेल्वेचा अनुभव कामाला आला. वेस्टिंगहाऊसनं असा व्हॉल्व्ह बनवला की दाब ठराविक पातळीखाली गेला की तो आपोआप बंद होणार आणि माणसानं हातानं उघडेपर्यंत बंदच राहणार. गळका गॅस जमिनीत न मुरता बाहेर काढून देण्यासाठी त्यानं पाइपाभोवती दुसरा पाइप घातला. गॅस मोजायचं मीटर काढलं. विहिरीपाशी अरुंद पाइप आणि जास्त दाब, शहराकडं येताना पाइप रुंद आणि दाब कमी, अशी रचना केली. थोड्याच वर्षांत गॅसवरची तीसहून जास्त पेटंट त्याच्या नावावर झाली.

कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या पिट्सबर्गला काही वर्षं स्वच्छ आभाळ दिसलं. पण ते टिकलं नाही. बेसुमार उपसा झाला, विहिरींचा दाब घटला आणि १८९० च्या दशकात धूर परत आला. गॅस सुरक्षित कसा वाहायचा हे वेस्टिंगहाऊसनं सोडवलं, जपून कसा वापरायचा हे मात्र शहराला उमगलं नाही.

जास्त दाबानं पाठवायचं आणि घराजवळ दाब उतरवायचा, हीच गोष्ट त्यानं पुढं विजेत केली. टेस्लाची पेटंट घेतली, एडिसनशी टक्कर दिली आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात एसी विजेचे दिवे लावले. मात्र १९०७ च्या आर्थिक संकटात त्याच्याच विजेच्या कंपनीचा ताबा त्याच्या हातून गेला. १२ मार्च १९१४ रोजी तो वारला.

त्याच्या काळात ना सेन्सर होते, ना उपग्रह, ना कॉम्प्युटर. आज हे सगळं आहे, त्यामुळं शेकडो किलोमीटरवरून विहिरीवर नजर ठेवता येते. पण नजर ठेवणारी यंत्रणाही बंद पडू शकते. त्या क्षणी माणसांचा जीव वाचतो तो निरोपाची वाट न बघता मिटणाऱ्या साध्या झडपेमुळं.

ज्या आवारात त्यानं विहीर खोदली, तिथं आज पिट्सबर्गची सार्वजनिक बाग आहे. नाव, वेस्टिंगहाऊस पार्क.