बाळू पालवणकर : महिना तीन रुपयांचा बॉलर

आपल्या हॉस्टेलच्या टी.व्ही. रूममध्ये फुटबॉल लागला की एक चर्चा ठरलेली असते. अमुक मिडफिल्डर या सीझनला कुठल्या क्लबात, त्याला पैसे किती मिळाले, पुढच्या वर्षी कुठे जाणार. पण पोटासाठी क्लब बदलत खेळणारा माणूस आपल्या पुण्यातही होऊन गेला, तोही एकशे तीस वर्षांपूर्वी. खेळ क्रिकेटचा. नाव बाळू पालवणकर.

मी मूळचा ईटचा (ता. भूम, जि. धाराशिव), पण शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. तिथे रणजींचं नाव कानावर पडलं, बाळूंचं कधीच नाही. ‘लगान’मधल्या कचऱ्याला मात्र आपण सगळे ओळखतो!

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार, आणि त्या काळी चांभार म्हणजे अस्पृश्य. घर पुण्याला आलं. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही मोठ्या क्रिकेटमध्ये आले.

पहिली नोकरी पारशी लोकांच्या एका क्लबात. पिच झाडायचं, रोलर फिरवायचा, आणि मेंबरांना वाटलं तर चार बॉल टाकायचे. पगार महिना ३ रुपये. मग १८९२ च्या सुमाराला ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले, तिथे ४ रुपये. म्हणजे तेहतीस टक्के इन्क्रिमेंट! कामं तीच, शिवाय नेट लावणं आणि टेनिस कोर्टाच्या रेघा मारणं. तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा जबरदस्त बॅट्समन होता. तो बाळूंना तासन्‌तास बॉलिंग टाकायला लावायचा, आणि त्याला आऊट केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. मी हिशोब केला. आठ वेळा आऊट केला की महिन्याचा पगार वसूल. डावखुरी स्पिन त्या नेटमध्येच पक्की झाली. मात्र या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी दिली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम गाळायचा नोकरानं.

गोऱ्यांना हरवायची वेळ आली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबाला हाच बॉलर हवा झाला. काही मेंबरांचा विरोध होता, पण घेतलं. मैदानावर तोच बॉल सगळ्यांच्या हातातून फिरायचा, त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून प्यायचे, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं टेबल, वेगळी ताटली. आमच्या मराठवाड्यात हॉटेलात वेगळ्या कपबश्या असायच्या, हे मी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंय. पण आपल्याच टीमला जिंकून देणाऱ्या माणसाला बाहेर उभं करायचं, हे मला जास्त लागलं.

साताऱ्याच्या मॅचचा किस्सा भारी आहे. तिथल्या गोऱ्या जिमखान्यानं बाळूंचा बॉल वळू नये म्हणून आठवडाभर पिचवर रोलर फिरवला. पण ज्यानं आयुष्य रोलर ओढण्यात घालवलं त्याला पिच काय शिकवणार? ७ विकेट काढल्या.

नंतर मुंबई. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ रन्सनी हरवलं. दुसऱ्या डावात गोरे १०२ मध्ये गुंडाळले, त्यात बाळूंच्या ५ विकेट. १९११ ला भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराजा, जे स्वतः मोजक्याच मॅच खेळले. संघ बहुतेक ठिकाणी हरला. आणि पस्तिशीतल्या बाळूंनी सगळ्या मॅच मिळून शंभरावर विकेट काढल्या!

एवढं झाल्यावर कप्तानपद? नाही. वर्षानुवर्षं सगळ्यांत अनुभवी खेळाडू असूनही नाही. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं, आणि विठ्ठलला डावलून कप्तानपद दुसऱ्याला दिलं. विठ्ठल आणि शिवराम दोघांनीही खेळायला नकार दिला. पेपरात गाजलं, जिमखान्याला नमावं लागलं, आणि बाळूंना उपकप्तान करून परत घेतलं. माझ्या मते त्या दोघांचं घरी बसणं हीच या घराण्याची सगळ्यांत मोठी इनिंग. तीन वर्षांनी, १९२३ ला, विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि स्पर्धा जिंकली. बाळू तोवर थांबले होते. फर्स्ट क्लासच्या ३३ मॅच, १७९ विकेट, सरासरी १५ च्या आसपास. भारताची पहिली टेस्ट १९३२ ची, त्यामुळे टेस्ट एकही नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते राजकारण आहे. तरुण आंबेडकरांना बाळूंचा फार अभिमान होता. पण १९३२ च्या पुणे करारापर्यंत दोघांचे रस्ते वेगळे झाले, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांसमोर उभं केलं ते बाळूंनाच. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. खुद्द बाबासाहेबांसमोर एवढी मतं! चहा बाहेर पिणाऱ्या त्या बॉलरचं नाव तोवर किती घरांत पोचलं होतं, याचा अंदाज यावरून येतो. ४ जुलै १९५५ ला ते मुंबईत वारले.