पुस्तकवेडा चार्ल्स लँब

ईस्ट इंडिया कंपनी हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे तोफा, तह आणि बुडालेली राज्ये उभी राहतात. १८१८ साली पेशवाईचा अंत करणाऱ्या या कंपनीची मुख्य कचेरी लंडन शहरात लीडनहॉल स्ट्रीट या रस्त्यावर होती. तेथील विस्तीर्ण, अंधाऱ्या दालनांत अनेक कारकून उंच मेजांपाशी बसून पूर्वेकडून आलेल्या चहाचे, निळीचे आणि औषधी द्रव्यांचे हिशेब जाडजूड वह्यांत उतरवीत असत. त्यांत एक ठेंगणा, सडपातळ, बोलताना अडखळणारा मनुष्य होता. या खतावण्या भरण्यात त्याने आपल्या आयुष्याची तेहतीस वर्षे घालविली. परंतु कचेरी सुटली, की त्याची पावले आपोआप जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळत. त्या कारकुनाचे नाव चार्ल्स लँब.

चार्ल्सचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजी लंडनमधील टेम्पल या भागात झाला. या भागात वकील मंडळींची वस्ती असे. चार्ल्सचे वडील सॅम्युअल सॉल्ट नावाच्या एका वकिलाच्या पदरी कारकून आणि सेवक म्हणून नोकरीस होते. घरची स्थिती बेताची. पण धन्याच्या घरी पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि नोकराच्या मुलांना त्यात शिरण्यास मज्जाव नव्हता. चार्ल्सची थोरली बहीण मेरी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी होती. तिनेच त्याला अक्षरे शिकविली. दोघे भावंडे त्या खोलीत शिरत आणि हाताला येईल ते पुस्तक उघडून बसत. आधी कोणते वाचावे, कोणते वर्ज्य करावे, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. पुस्तक आपल्याला बोलावते आणि आपण त्याच्याकडे जातो, ही समजूत चार्ल्सच्या मनात रुजली ती तेथेच.

वयाच्या सातव्या वर्षी तो क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत दाखल झाला. नाव जरी हॉस्पिटल असले, तरी ती गरीब घरच्या मुलांची प्रसिद्ध शाळा होती. पायघोळ निळा अंगरखा आणि पिवळे मोजे हा तेथील मुलांचा वेष. पुढे इंग्लंडचा मोठा कवी म्हणून कीर्ती पावलेला कोलरिज या शाळेत त्याचा सोबती होता. दोघांची मैत्री जडली ती आयुष्यभर टिकली. कोलरिज विद्यापीठात गेला. चार्ल्सला मात्र अडखळत्या वाणीमुळे ती वाट बंद झाली, कारण त्या शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांकडून पुढे धर्मोपदेशक होण्याची अपेक्षा असे. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि १७९२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो कंपनीच्या कचेरीत चिकटला.

यानंतर चारच वर्षांनी लँबच्या घरावर भयंकर संकट कोसळले. आई अंथरुणाला खिळलेली, वडिलांची बुद्धी वार्धक्याने मंदावलेली. मेरी दिवसा शिवणकाम करून पैसे मिळवी आणि रात्री आईची शुश्रूषा करी. या अतोनात श्रमांनी तिच्या मनाचा तोल गेला. २२ सप्टेंबर १७९६ रोजी वेडाच्या झटक्यात तिच्या हातून आईचा मृत्यू घडला. चार्ल्सने धावत जाऊन तिच्या हातातील सुरी काढून घेतली. तो तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. चौकशीत मेरी वेडाच्या भरात होती हे सिद्ध झाले. आता तिला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, असे अनेकांना वाटत होते. चार्ल्सला ते मानवले नाही. थोड्याच काळापूर्वी तो स्वतः सहा आठवडे अशाच एका ठिकाणी राहून आलेला होता. तेथील जिणे कसे असते हे त्याला ठाऊक होते. मेरीचा सांभाळ मी करीन, अशी हमी त्याने दिली. वडिलांच्या मृत्यूनंतर, १७९९ साली, तो तिला आपल्या घरी घेऊन आला. त्याने लग्न केले नाही. मेरीचा आजार मधूनमधून उलटे. त्याची चाहूल लागली, की दोघे बहीणभाऊ एकमेकांचा हात धरून, डोळे पुसत, शेतांमधल्या वाटेने इस्पितळाकडे चालत जात. त्यांच्या एका मित्राने त्यांना असे जाताना पाहिले होते. काही आठवड्यांनी मेरी बरी होऊन परत येई आणि दिवा लावून दोघे पुन्हा वाचावयास बसत.

अशा घरात पुस्तकांना काय मोल असेल, याची कल्पना करावी. दिवसभर कंपनीचे आकडे आणि रात्री उद्याची धास्ती, यांच्यामध्ये जी काही मोकळी जागा होती ती पुस्तकांची होती. नवी, कोरी, सोनेरी कडांची पुस्तके विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती आणि फारशी हौसही नव्हती. त्याला जुनी पुस्तके आवडत. पाने मळलेली, कोपरे झिजलेले, कातडी पुठ्ठा विरलेला, असे पुस्तक पाहिले की किती माणसांनी ते आवडीने हाताळले असेल, हा विचार त्याला सुखावी. जुन्या इंग्रजी कवीने भाषांतरलेल्या होमरच्या एका थोरल्या ग्रंथाचे लँबने चुंबन घेतलेले एका स्नेह्याने पाहिले होते. त्याच्या घरची पुस्तके पाहून दुसऱ्या एका मित्राने, इतक्या जीर्ण पुस्तकांचा इतका उत्तम संग्रह आपण कोठे पाहिला नाही, अशा अर्थाची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे.

यांपैकी एका पुस्तकाच्या खरेदीची हकीकत लँबने पुढे एका निबंधात लिहून ठेवली. ब्यूमाँट आणि फ्लेचर हे शेक्सपिअरच्या काळातील दोन नाटककार. त्यांच्या नाटकांचा एक भला थोरला ग्रंथ कॉव्हेंट गार्डन भागातील एका दुकानात लँबला दिसला. किंमत पंधरा-सोळा शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड होई, म्हणजे पाऊण पौंड किंवा त्याहून थोडी अधिक रक्कम एका जुन्या पुस्तकापायी द्यावयाची होती. बहीणभाऊ कित्येक आठवडे नुसती चर्चा करीत राहिले. घेतले तर कोणता खर्च कमी करावयाचा? न घेतले आणि दुसऱ्या कोणी नेले तर? येता-जाता ग्रंथ जागेवर आहे ना, एवढे पाहून यावे आणि पुन्हा हिशेब मांडावा. शेवटी एका शनिवारी रात्री, दहाचा सुमार झाला असताना, लँबच्या मनाने एकदम उचल खाल्ली. तो तसाच निघाला. दुकान बंद झाले असेल ही धास्ती मनात होतीच. म्हातारा दुकानदार निजण्याच्या तयारीत होता. कुरकुरत त्याने दार उघडले, मेणबत्तीच्या उजेडात धुळीने माखलेल्या ढिगातून ग्रंथ शोधून काढला. ते अवजड ओझे उराशी धरून लँब घरी निघाला. ते याच्या दुप्पट जड असते तरी बरे झाले असते, असे त्याला वाटत होते. घरी आल्यावर दोघांनी पाने जुळवून ग्रंथ पुरा आहे की नाही ते पाहिले. काही पाने सुटली होती. सकाळपर्यंत थांबण्याचा धीर लँबला कोठला? त्याच रात्री खळ घेऊन तो ती पाने चिकटवीत बसला. नवा पोशाख शिवावयाचा होता तो बेत लांबला. जुनाच विटका कोट तो आणखी काही आठवडे ऐटीने घालीत राहिला.

लँबची वाचनाची रीतही त्याच्या खरेदीसारखीच लहरी होती. मिल्टन वाचावयाचा तर मन आधी गंभीर झाले पाहिजे, असे तो मानी. बाहेर कडाक्याची थंडी, दारे बंद आणि शेगडीत विस्तव असला म्हणजे त्याला शेक्सपिअरची आठवण होई. जेवणाचे ताट येण्यास पाच मिनिटांचा अवकाश असताना कोणी थोर काव्य उघडू नये, असे त्याचे मत होते. पंचांगे आणि कायद्याचे संग्रह यांना तर तो पुस्तकांत गणावयासच तयार नसे. वेळापत्रक आखून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत मुळीच पटणार नाही, आणि परीक्षा जवळ आली असताना ती पटूही नये! परंतु लँबला परीक्षा द्यावयाची नव्हती. कोणते पुस्तक आज आपल्याला हवे आहे, हे ओळखण्याची त्याची नजर मात्र अचूक होती. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या मांडणीपाशी उभे राहून, विकत घेण्यास पैसे नसल्यामुळे चोरट्या नजरेने पानामागून पान वाचणाऱ्या गरीब मुलांविषयी त्याने फार कळवळ्याने लिहिले आहे. दुकानदार हटकील ही भीती आणि पुढचे पान उलटण्याचा मोह, या दोन्हींची त्याला पुरी ओळख होती.

त्याचे मित्र पुस्तके उसनी नेत. त्यांत कोलरिज पहिला. फळीवर मधेच खिंडार पडले, की ते कोणी पाडले हे विचारावे लागत नसे. लँब कुरकुरे, पण पुस्तक देई. कारण कोलरिजकडून परत आलेल्या पुस्तकाच्या समासांत त्याने लिहिलेली टिपणे असत आणि त्यांनी पुस्तकाचे मोल दुप्पट-तिप्पट होई.

१८०७ साली चार्ल्स आणि मेरी यांनी शेक्सपिअरच्या नाटकांच्या कथा मुलांसाठी सोप्या गद्यात लिहून प्रसिद्ध केल्या. वीस कथांपैकी चौदा मेरीच्या व सहा चार्ल्सच्या आहेत. मात्र पहिल्या आवृत्तीवर नाव एकट्या चार्ल्सचे छापले गेले. हे पुस्तक पुढे आपल्या देशातील शाळांतही पोचले. १८२० पासून लँब एका मासिकात 'एलिया' या टोपणनावाने निबंध लिहू लागला. त्यांचा संग्रह १८२३ साली निघाला आणि कंपनीचा हा कारकून इंग्रजी निबंधकारांत अग्रगण्य ठरला.

एव्हाना लँबचा पगार वाढला होता. पुस्तक घ्यावेसे वाटले तर खिसा चाचपावा लागत नव्हता. याच सुमारास, १८२३ साली, लिहिलेल्या निबंधात मेरीने त्याच्यापाशी केलेली एक तक्रार आली आहे. निबंधात तिचे नाव ब्रिजेट असे ठेवले आहे. हल्ली तू पुस्तके घेतोस खरी, पण ती नुसती खरेदी असते, असे तिचे म्हणणे. पूर्वी एकेक पुस्तक घरी येई ते जिंकून आणल्यासारखे येई. आता केव्हा आले हे कळतही नाही. यावर लँबने तिची समजूत घातली, की तरुणपणी अंगात बळ होते म्हणून ओढाताण सोसली. आता वय झाल्यावर पैशाचा आधार हवाच. पण ते जुने दिवस आणि ती जुनी पावले परत मिळणार असतील, तर त्यासाठी वाटेल तेवढी संपत्ती देण्याची त्याचीही तयारी होती.

१८२५ साली कंपनीने त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले. आता भर दुपारी दुकानांतून पुस्तके धुंडाळता येऊ लागली. प्रथम इतक्या मोकळ्या वेळाचे काय करावे हेच त्याला उमजेना. पुढे काही काळ तो जुनी नाटके वाचण्यासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये नेमाने जाऊन बसू लागला, आणि तेही जवळजवळ कचेरीच्याच वेळात!

जुलै १८३४ मध्ये कोलरिज वारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लँब रस्त्यात पडला. चेहऱ्याला झालेली किरकोळ जखम चिघळली आणि २७ डिसेंबर रोजी एडमंटन येथे त्याचा अंत झाला. मेरी त्याच्यामागे बारा वर्षांहून अधिक जगली. १८४७ साली तिलाही त्याच्याच थडग्यात पुरण्यात आले.

लँबच्या संग्रहातील सुमारे साठ पुस्तके १८४८ साली समुद्रापार न्यूयॉर्क येथे गेली आणि तेथील एका दुकानात पुन्हा विक्रीस मांडली गेली. लँबजवळचा ब्यूमाँट आणि फ्लेचर यांचा ग्रंथ मात्र लंडनमध्येच राहिला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या समासांत कोलरिजच्या हातची टिपणे आहेत. त्यांतील एक १८११ सालचे आहे. मी आता फार दिवस राहणार नाही आणि मी गेल्यावर, आठवण ठेवण्यासाठी तुझे पुस्तक खराब केले म्हणून तू रागावणार नाहीस, अशा आशयाचा मजकूर त्याने तेथे आपल्या मित्रासाठी लिहून ठेवला आहे.