बार्शी लाईटचा कर्ता : एव्हरार्ड कॅल्थ्रॉप

पंढरीच्या वाटेवरची बार्शी लाईट ठाऊक नाही असा मराठी माणूस एके काळी विरळाच असे. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरावे, बोचकी-वळकट्या सावरीत अरुंद रुळांवरच्या त्या लहान गाडीत अंग चोरून जागा करावी आणि विठ्ठलाचे नाव घेत पुढे निघावे, हा आषाढी-कार्तिकीचा ठरलेला क्रम होता. चालू शतकाच्या आरंभी त्या वाटेचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले आणि तो क्रम संपला. गाडीच्या आठवणी अजून निघतात. पण ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्या माणसाची आठवण आपल्याकडे कोणी काढल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. त्याचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप.

कॅल्थ्रॉपचा जन्म १८५७ सालच्या मार्च महिन्यातला, इंग्लंडातील एका शेतकऱ्याच्या घरचा. भावंडांत तो थोरला. त्याचा एक धाकटा भाऊ, गाय कॅल्थ्रॉप, पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला आणि ‘सर’ही झाला, थोरल्याच्या वाट्याला तसे मानमरातब आले नाहीत. रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात आणि नंतर क्रू येथील रेल्वेच्या कर्मशाळेत त्याने उमेदवारी केली. हात काळे करून घेतलेला हा तरुण १८८२ साली हिंदुस्थानात आला आणि जी. आय. पी. रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाला.

नोकरीच्या निमित्ताने फिरताना मुख्य मार्गापासून दूर पडलेले मुलूख त्याने पाहिले. बार्शीसारखी व्यापाराची पेठ, पण तिथला माल बैलगाड्यांवाचून बाहेर पडत नव्हता. मोठी रेल्वे तिथवर न्यावी तर खर्च परवडणार नाही, आणि स्वस्त रेल्वे करावी तर ती हलकी, म्हणून कुचकामी, असा तज्ज्ञांचा समज. कॅल्थ्रॉपला तो समज मान्य नव्हता. नोकरी सोडून, विलायतेत परत जाऊन, वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करून त्याने १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली, आणि १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतची सुमारे २१ मैलांची वाट सुरू झाली. रुळांतले अंतर अडीच फूट.

अडीच फुटी रूळ आम्हां बडोदेकरांना काही नवे नाहीत. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत १८६२ साली डभोईच्या रुळांवर बैलांनी गाडी ओढली, ते रूळही अडीच फूट अंतराचेच होते. मग कॅल्थ्रॉपने नवे काय केले? त्याने रुळांचा विचार बाजूला ठेवून आधी ओझ्याचा विचार केला. मोडते ते एकूण वजनाने नव्हे, तर एका जागी पडणाऱ्या वजनाने, हे त्याच्या साऱ्या कामाचे मूळ. इंजिन असो, उतारूंचा डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही एका आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, असा त्याने दंडक घातला. त्यासाठी इंजिनांचे वजन अनेक चाकांवर पसरले, वाघिणी लांब करून चार-चार चाकांच्या बोगींवर ठेवल्या, आणि त्यांचे सांगाडे दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्यांचे केले, म्हणजे वाघीण स्वतः हलकी आणि माल मात्र भरपूर. वाराला ३० पौंडांचे किरकोळ रूळ त्यामुळे पुरून उरले. लोकांची खात्री पटावी म्हणून हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी ही गाडी त्याने लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून दाखविली.

एक अडचण मात्र शिल्लक होती. जिथे दोन मापांचे रूळ भेटतात तिथे मालाची चढ-उतार करावी लागते. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका गाडीतून काढून दुसरीत टाकावे लागे. त्यात वेळ जातो, मजुरी जाते, आणि थोडाफार मालही जातो. या दुखण्यावरचा इलाज कॅल्थ्रॉपने पुढे स्वदेशी करून पाहिला. स्टॅफर्डशर परगण्यातील लीक अँड मॅनिफोल्ड ही सव्वाआठ मैलांची, पुन्हा अडीच फुटीच, रेल्वे २७ जून १९०४ रोजी सुरू झाली. तिचा मुख्य इंजिनीअर तोच. बार्शीच्या वळणाची इंजिने आणि पिवळ्या रंगाचे ऐसपैस डबे त्या थंड दरीत धावू लागले. तिथेच त्याने ब्रिटनमध्ये प्रथम ट्रान्सपोर्टर वाघीण वापरली. म्हणजे वाघिणीला वाहणारी वाघीण. मोठ्या रुळांवरची भरलेली वाघीण जशीच्या तशी या बुटक्या गाडीवर ढकलायची, चाके जखडायची, आणि अरुंद रुळांवरून थेट मुक्कामाला न्यायची. तिथे मोठ्या मापाच्या रुळांचा एक तुकडा टाकलेला असे. त्यावर वाघीण उतरवून ठेवली की ट्रान्सपोर्टर पुढच्या कामाला मोकळा. एक्टन येथील दुग्धालयाच्या दुधाच्या टाक्याही पुढे अशाच वाहिल्या गेल्या. एवढी उंच स्वारी आत शिरावी म्हणून स्वेन्सलीचा बोगदाही मोठा खणला होता.

मला या माणसाची ओळख झाली ती पुस्तकांतून कमी आणि हातांतून अधिक. घरामागच्या बागेत मी लहान रेल्वे मांडली आहे. तिच्या रुळांतले अंतर ३२ मिलिमीटर. म्हणजे अडीच फुटांचा जवळजवळ चोविसावा हिस्सा. या वाटेसाठी मी दोन ट्रान्सपोर्टर वाघिणी मुळापासून केल्या. विकतची फक्त चाके. बाकी सारे पितळी पत्रा कापून, कानशीने घासून आणि डाख देऊन. कागदावर ही वाघीण म्हणजे दोन बोगी आणि त्यांवर एक चौकट, इतकी सोपी दिसते. करायला बसले म्हणजे कळते की तिच्यात दोन मागण्यांचे भांडण आहे. वरच्या मोठ्या वाघिणीची चाके चोविसाव्या हिश्श्याने जवळजवळ ६० मिलिमीटर अंतरावर. खालचे रूळ त्याच्या जेमतेम निम्मे. रुंद ओझे अरुंद पायावर. ते उंच बसले की वळणावर कलंडणार. म्हणून वाहणारी पन्हळ जितकी खाली नेता येईल तितकी न्यायची. पण फार खाली नेली की ती सांध्यांना आणि खडीला लागणार, आणि वळणावर बोगी फिरायला जागा उरणार नाही. शिवाय चौकट बारीक करावी तर मधे लवते, जाड करावी तर तिचेच वजन ओझे होऊन बसते.

यातून वाट काढताना मला कॅल्थ्रॉपची पद्धत समजत गेली. मोठ्या रुळांवरची दोन आसांची वाघीण भरली म्हणजे सोळा टन धरली, तर प्रत्येक आसावर आठ टन. अरुंद रूळ ते सोसणार नाहीत. तीच वाघीण चार आसांच्या ट्रान्सपोर्टरवर चढवा. एका आसाच्या वाट्याला तिचे चारच टन येतात, आणि ट्रान्सपोर्टरचे स्वतःचे वजन हलके ठेवले की हिशेब पाच टनांच्या आसपास येऊन बसतो. बार्शीला घातलेला दंडक इथे दुसऱ्या रूपाने उभा आहे. म्हणून मी चौकटीच्या दोन्ही बाजू मधे खोल आणि टोकांना उथळ केल्या, पत्र्याच्या कडा काटकोनात वळवून त्यांना बळ दिले, आणि शिशाचे छर्रे भरलेली वाघीण वर चढवून वळणावरून चालविली. ती न डोलता गेली, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा हिशेब माझ्या तळहातावर तपासून झाला असे मला वाटले.

कॅल्थ्रॉपच्या चरित्राचा उत्तरार्ध रेल्वेचा नाही. १९१० साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला तो रोल्स, बोर्नमथ येथे विमान कोसळून मेला. या मृत्यूचा कॅल्थ्रॉपला चटका लागला. वैमानिकाला वाचविणारी छत्री करण्याच्या मागे तो लागला आणि पुष्कळ पैसा व आयुष्याची उरलेली उमेद त्याने तीत ओतली. तिचे नाव त्याने ‘गार्डियन एंजल’ म्हणजे पाठीराखा देवदूत असे ठेवले. छत्री विमानाला बांधलेल्या डब्यात असे आणि उडी मारणाऱ्याच्या वजनानेच ती बाहेर ओढली जाऊन उघडे. १९१७ च्या जानेवारीत ऑरफर्डनेस येथे कॅप्टन कोलेट याने तिच्या साहाय्याने विमानातून यशस्वी उडी घेतली.

तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ती मिळाली नाही. वजन आणि जागा यांची कारणे सांगितली गेली. हाताशी छत्री असली तर वैमानिक विमान वाचविण्याऐवजी लवकर सोडून देईल, अशी शंकाही वरिष्ठांच्या मनात होती असे म्हणतात. शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यासाठी मात्र तीच छत्री चालली. १९१८ साली इटलीच्या आघाडीवर तिचा असा उपयोग झाला. हेराला जी सोय मिळाली ती जळत्या विमानातल्या पोराला मिळाली नाही. युद्धानंतर पाठीवर बांधून स्वतः उघडायच्या छत्रीची दुसरी तऱ्हा रूढ झाली आणि कॅल्थ्रॉपचा देवदूत मागे पडला.

याच काळात तो अरबी घोडे पाळीत होता. घोड्याला मारझोड न करता मित्रासारखे वागवून शिकविता येते, यावर त्याने १९२० साली एक पुस्तकही लिहिले. रेल्वे, छत्री, घोडे ही तीन टोकांची वेडे वाटतात. मला ती तशी वाटत नाहीत. किरकोळ रूळ, पडणारा माणूस, मुके जनावर या तिघांकडे पाहताना ‘याला किती सोसेल?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असे. उत्तर सापडले की मग तो कामाला लागे. हा प्रश्न मोठ्या यंत्रांच्या युगात फार थोड्यांनी विचारला.

१९२७ सालच्या मार्चमध्ये कॅल्थ्रॉप वारला. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेला पोहोचली आणि तिची लांबी दोनशे मैलांवर गेली. मॅनिफोल्डची रेल्वे १९३४ साली बंद पडली. तिच्या वाटेवर १९३७ पासून पायी फिरणाऱ्यांचा रस्ता आहे. बार्शी लाईट १९५४ साली सरकारने घेतली. आता कुर्डुवाडीला पोती उतरवावी लागत नाहीत, कारण सगळीकडे एकच माप झाले. कॅल्थ्रॉपला त्याचे वाईट वाटले नसते. माल न उतरवता पोहोचावा हीच त्याची इच्छा होती. पण रुंद रूळ परवडण्याइतका तो मुलूख उभा राहीपर्यंत शंभरांवर वर्षे त्याचे ओझे अरुंद रुळांनी वाहिले, एवढे तरी पंढरीला जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.