दगडातल्या पानांवरून कोळशाचा माग काढणारे स्टीफन हिस्लॉप कोण होते?

अलिबाग ते श्रीवर्धन किनाऱ्यावरचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. हे थर पूर्वेला थेट नागपूरपर्यंत पसरलेत. तिथे ते संपतात आणि त्याखालचे कितीतरी जुने वालुकाश्म उघडे पडतात. या वालुकाश्मांतली पाने गोळा करून त्यांचा अर्थ लावणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत स्टीफन हिस्लॉप होते.

नागपुरात कसे आले?

हिस्लॉप यांचा जन्म 1817 मध्ये स्कॉटलंडमधील डन्स गावी झाला. मिशनरी म्हणून ते 1844 च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि 1845 मध्ये नागपुरात पोहोचले. तिथे शाळा चालवत असतानाच सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते आसपासचे खडक तपासू लागले.

तुकड्यावरून पान कसे ओळखतात?

कामठी, सिलेवाडा इथल्या दगडांत पाने क्वचितच अखंड मिळतात. कधी टोक नसते, कधी देठ. अशा वेळी शिरा पाहतात. मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी असेल, तर ते बहुधा जिभेच्या आकाराचे ग्लॉसोप्टेरिस. हिस्लॉप यांच्या नमुन्यांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी 1861 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. एका पानाला हिस्लॉप यांचेच नाव मिळाले: नोगेराथिया हिस्लॉपी.

त्याचा उपयोग काय?

तशीच पाने छिंदवाड्याजवळच्या उमरेठ आणि बंगालमधील बर्दवान इथल्या कोळशाच्या थरांत होती. त्यावरून या तिन्ही ठिकाणच्या खडकांचे नाते हिस्लॉप यांनी 1855 मध्ये मांडले. म्हणजे पान ओळखता आले, तर दूरदूरचे थर जोडता येतात आणि कोळसा कोणत्या खडकांत शोधायचा हे कळते.

काय चुकले?

हिस्लॉप यांनी हे खडक ज्युरासिक काळातले मानले. आज ते पर्मियन, म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुने मानले जातात. तेव्हा नेचे समजले गेलेले ग्लॉसोप्टेरिसही प्रत्यक्षात बी धरणारी वनस्पती निघाले. शिरांवरून जुळवलेले थरांचे नाते मात्र टिकले.

शेवट कसा झाला?

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट इथली प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. वय होते 45. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.